लहान शिडाची होडी उलटतेच?

मोठी बोट विकून वीस-बावीस फुटी घ्यायची म्हटलं की फिरत राहिलेला सल्ला हमखास येतो: "लहान होडी वाऱ्यात उलटते, समुद्रात मोठीच हवी."

यात अर्धं खरं आहे. शिकाऊ मुलांच्या उघड्या डिंग्या (छोट्या, हलक्या होड्या) उलटतात, त्यांचा तोल माणसांच्या वजनावर असतो. पण कीलबोटीच्या पोटाखाली कील, म्हणजे पाण्यात उतरणारा पंख असतो, आणि त्यात शिशाचं किंवा ओतीव लोखंडाचं वजन असतं. जे/24 ही सव्वासात मीटरची बोट घ्या: सुमारे 1400 किलोपैकी 430 किलो तळाशी. एका मर्यादेपर्यंत होडी जितकी कलते, तितकं हे वजन तिला जास्त जोरानं परत ओढतं. म्हणून पंधरा-वीस अंश कलणं हे संकट नाही, तिची रोजची चाल आहे. (पहिल्यांदा कठडा घट्ट धरला जातोच.)

घरी पाहायचंय? रिकाम्या बाटलीच्या एका बाजूला जड नट टेपनं चिकटवा, बादलीत आडवी सोडा आणि फिरवा. नट खालीच येतो. होडी घेताना कागदावर तळवजन भागिले एकूण वजन करा. तीस टक्क्यांच्या आसपास असेल तर बरं. झाकणं पाणी अडवतात का, तेही बघा, कारण आत पाणी शिरलं तर कील वाचवत नाही.

लहान होडीचा खरा तोटा वेगळा: ती हळू चालते, लाटांत जास्त आपटते. उलट, ओहोटीला अलिबागजवळच्या रेवसकडच्या उथळ पाण्यात तीच सोयीची. आणि पावसाळ्यात मुंबईबाहेर लहान काय, मोठीही काढू नये.