गोळी काढली, पुढे काय?

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, गंभीर जखमींवर उपचार करणाऱ्या शॉक ट्रॉमा सेंटरमधले सर्जन डॉ. कार्नेल कूपर यांना नव्वदच्या दशकात एक गोष्ट खटकत होती. गोळी लागलेला किंवा भोसकलेला तरुण येतो, ऑपरेशन होतं, टाके सुकतात, तो घरी जातो आणि पुढे कधीतरी नवी जखम घेऊन त्याच टेबलावर येतो. हार्ट अटॅकच्या रुग्णाला आपण सिगारेट सोडायला सांगतो, चालायला लावतो, पुन्हा तपासायला बोलावतो. भोसकलेल्याला मात्र ड्रेसिंगची तारीख दिली की झालं.

1998 मध्ये कूपर यांनी या रुग्णांसाठी खास कार्यक्रम सुरू केला आणि त्याची रीतसर चाचणीही घेतली. आधीही मारहाणीत किंवा गोळीबारात जखमी झालेले, पॅरोल किंवा प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली असलेले 100 रुग्ण निवडले. जणू चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्यासोबत समाजसेवकाची साथ मिळाली, तीही खाटेपासून घरापर्यंत. 2006 साली निष्कर्ष आले: पहिल्या गटातले 36 टक्के पुन्हा हिंसेत जखमी होऊन दाखल झाले, दुसऱ्यातले 5 टक्के.

आकडे मोहात पाडणारे आहेत, पण शंभर माणसं म्हणजे फार नव्हेत. शिवाय असे रुग्ण पत्ता बदलतात, फोन बदलतात, पुढची गोळी लागली तर दुसऱ्याच हॉस्पिटलात जातात. मग पहिल्या हॉस्पिटलच्या नोंदीत ते सुखरूपच दिसतात. नंतरच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

खाटेशी जातो कोण, यावर बरंच अवलंबून असतं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 1994 मध्येच असं काम सुरू झालं होतं. त्यामागे होता शर्मन स्पिअर्स. 1989 मध्ये गोळी लागली आणि तो कायमचा व्हीलचेअरवर आला. जखमी पोराजवळ पहिल्या काही तासांत काय शिजतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मित्र जमतात, नावं घेतली जातात, सूड ठरतो. तेवढ्यात त्याच वस्तीतला, तेच भोगलेला माणूस येऊन बसतो. ‘कोणी मारलं?’ हे तो विचारत नाही, ते पोलिसांचं काम. तो विचारतो, डिस्चार्ज मिळाल्यावर जाणार कुठे? त्या गल्लीत परत जायचं नसेल तर दुसरीकडे सोय, नुकसानभरपाईचा अर्ज, कोर्टाची तारीख, शाळेत किंवा कामावर परतणं, सगळं तिथून सुरू होतं.

यामागे शरीरशास्त्रही आहे. जिवावर बेतल्यानंतर मेंदूची धोक्याची यंत्रणा लवकर शांत होत नाही. झोप उडते, दार आपटलं तरी छाती धडधडते, मागून येणारा प्रत्येक जण मारेकरी वाटतो. बोस्टनमध्ये अशा तरुणांचं ऐकून घेणारे डॉ. जॉन रिच यांना हेच आढळलं. झोप यावी म्हणून कुणी गांजा ओढतो, भीतीपोटी कुणी हत्यार बाळगतो. बाहेरून ती मग्रुरी दिसते. माझ्या मते निम्मा गैरसमज इथेच होतो.

अमेरिकेत हे काम वर्षानुवर्षं अनुदानांवर तगून राहिलं. गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, म्हणजे मेडिकेडमधून, त्याला पैसे देण्याचा कायदा कनेक्टिकटने 2021 मध्ये केला.

मुंबईत रस्त्यावरच्या नव्हे, घरातल्या हिंसेसाठी हीच दिशा धरली गेली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र काढलं आणि रुग्णालयाच्याच कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. कॅज्युअल्टीत बाई ‘जिन्यावरून पडले’ सांगते, पण वळ जिन्याचे नसतात. अशा वेळी नर्सने तिला नवऱ्यापासून, सासूपासून बाजूला घ्यायचं, एकटीशी बोलायचं आणि त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे न्यायचं.