चर्च रिकामं झालं, म्हणून नाटकाला मिळालं

सोलापुरात एकांकिका बसवणाऱ्या मुलांना प्रयोगासाठी हुतात्मा स्मृती मंदिर आहे; तालमीला मात्र वर्गातली बाकं सरकवायची आणि वॉचमन उठवेपर्यंत उरकायचं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठातल्या नाटकवाल्या विद्यार्थ्यांकडे चक्क एक जुनं चर्च आहे, हे ऐकून हेवा वाटणारच. पण ते चर्च त्यांच्यापर्यंत आलं कसं?

मूळ 1843 सालच्या भांडणात आहे. गावचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, जमीनदाराने नेमायचा की मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, निवडायचा, या वादावरून त्या मे महिन्यात चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं. साडेचारशेहून जास्त पाळक पगार, घर सगळं सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च उभं राहिलं. मुंबईचे मिशनरी जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे तेच, याच बाजूला गेले. (त्याच वर्षी नोव्हेंबरात सांगलीला विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं. संबंध काही नाही, पण नाटकवाल्यांनी साल लक्षात ठेवायला हरकत नाही.)

बाहेर पडलेल्यांनी गावोगावी स्वतःची चर्च बांधली. एडिंबरातलं न्यू नॉर्थ फ्री चर्च थॉमस हॅमिल्टन यांच्या आराखड्याचं, 1848 चं. पुढे 1900 आणि 1929 मध्ये बहुतेकांचा समेट झाला आणि इमारती जास्त, माणसं कमी अशी गत झाली. न्यू नॉर्थची मंडळी 1941 मध्ये जवळच्या ग्रेफ्रायर्समध्ये सामील झाली. विद्यापीठाने इमारतीत आधी उपासना केंद्र चालवलं, मग सामान भरलं. 1980 पासून तिथे बेडलम थिएटर आहे. खुर्च्या नव्वदच्या आसपास, कारभार विद्यार्थ्यांचाच.

फ्री चर्चच्या पंथात प्रवचनाला सर्वांत मोठा मान. शब्द मागच्या बाकापर्यंत पोचावा, हीच बांधणाऱ्यांची चिंता, आणि ती नाटकाच्या कामी येते. मोठ्या कॅथेड्रलात गाणं घुमतं, संवाद विरघळतो. अर्थात उंच खिडक्या झाकल्याशिवाय प्रकाशयोजना होत नाही, आणि विंगा तर चर्चमध्ये नसतातच.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या नांदत्या आहेत. तिथली चर्च मागण्याचा प्रश्नच नाही. इथे ओस पडल्या त्या कापडगिरण्या. पण त्यांच्या मागशेडचं, म्हणजे जिथे माग चालायचे त्या शेडचं, छप्पर उजेड आत घेण्यासाठी केलेलं आणि खांबांवर तोललेलं. नाटकाला अंधार लागतो, आणि खांबाआडून नट दिसत नाही.