लोणारचे विवर ज्वालामुखीचे मुख नव्हे

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे मुख, हा समज एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. भोवती सगळा काळा बेसाल्टच, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला खडक, असल्याने तो स्वाभाविकही होता. मात्र सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने, तो बेसाल्ट थिजून कोट्यवधी वर्षे लोटल्यानंतर घडले. येथील खडकांत मॅस्केलिनाइट सापडते. प्रचंड आघाताच्या दाबाने फेल्डस्पार खनिजाची अशी काच होते, आणि ज्वालामुखी तेवढा दाब निर्माण करू शकत नाही. काठावर उभे राहून पाहिल्यास खडकाचे थर बाहेरच्या बाजूला कललेले, उलथल्यासारखे दिसतात. शेगावची वारी न चुकवणाऱ्या अनेकांनी त्याच जिल्ह्यातील हा काठ अजून पाहिलेला नाही, हे मात्र नवलच.