कचरा डेपोतल्या वायूची माहिती हवी आहे? अर्ज कुठे करायचा, त्यात काय मागायचं

कोल्हापुरात कसबा बावड्यातल्या झूम प्रकल्पावर, म्हणजे महापालिकेच्या कचरा डेपोवर, धूर दिसला की ‘कुणी पेटवलं?’ यावर चर्चा रंगते. कचरा कुजताना निघणारा, पेट घेणारा मिथेन वायू ढिगाखाली किती तयार होतोय, हे फारसं कुणी विचारत नाही. ती माहिती माहिती अधिकारात मागता येते.

अर्ज कोण करू शकतो? भारताचा कोणताही नागरिक. बावड्यात घर असण्याची अट नाही, कारणही सांगावं लागत नाही (माहिती अधिकार कायदा 2005, कलम 6(2)). तरुण मंडळाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर मात्र अर्ज करू नका. हा हक्क नागरिकाचा आहे, तेव्हा अर्ज स्वतःच्या नावाने द्या.

कागदपत्रं कोणती? जोडपत्र ‘अ’ नमुन्यातला अर्ज आणि त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडा. पोच घ्यायला अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या.

काय मागायचं? बहुतेक अर्ज इथेच फसतात. ‘डेपोतला वायू धोकादायक आहे का?’ असं विचारलंत तर ‘मत देणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ एवढंच उत्तर हाती पडेल. म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांपर्यंत, त्यामुळे प्रत्येक साइटचा अर्ज वेगळा करावा हे बरं.

कचरा अजून पडत असलेल्या साइटसाठी मागा: सुरू झाल्यापासून दरवर्षी किती टन कचरा आला, त्यात ओला किती, वायू मोजणीची तारीखवार रीडिंग, मोजणी कोणत्या जागी झाली आणि वार्षिक अहवाल. बंद साइटसाठी याशिवाय बंद केल्याची तारीख, वरच्या आच्छादनाचा आराखडा आणि बायोमायनिंगने (जुना ढीग उकरून, कचरा वेगळा करून) किती टन उपसला ते. 2016 च्या घनकचरा नियमांत (आता त्यांची जागा 2026 च्या नियमांनी घेतली आहे) बंद साइटवर किमान 15 वर्षं देखरेख सांगितली होती. त्या देखरेखीची योजनाही मागा. ‘साइट बंद आहे’ हे उत्तर इथे पुरेसं नाही; कचरा टाकणं थांबलं तरी वायू कित्येक वर्षं निघत राहतो.

टनांचा हट्ट कशासाठी? कारण वायूचा अंदाज त्यांवरूनच बांधतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं लँडजेम हे मॉडेल वर्षवार टन घेतं, त्याला कुजण्याचा वेग (मूळ आकडा वर्षाला 0.05) आणि टनामागे मिळणारा मिथेन (170 घनमीटर) लावतं. आपल्या कचऱ्यात स्वयंपाकघरातला ओला माल जास्त, तो लवकर कुजतो; वायू लवकर चढतो, लवकर उतरतो. तिकडचे आकडे जसेच्या तसे घातले असतील तर अहवालाची किंमत कमी समजा. कोणते आकडे वापरले, हेही अर्जात मागाच.

रीडिंग हातात आलं की 2016 च्या घनकचरा नियमांत असलेली मर्यादा लावून बघा: मिथेन स्फोटाच्या किमान पातळीच्या 25 टक्क्यांवर जाऊ नये. ती पातळी, म्हणजे ज्या प्रमाणापासून मिथेन पेट घेऊ शकतो ते, हवेत 5 टक्के; म्हणजे मर्यादा 1.25 टक्के. वासावरून काही ठरवू नका. मिथेनला वास नसतो.

अर्ज कुठे द्यायचा? महापालिकेच्या मुख्य इमारतीत घनकचरा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे एक, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उद्योग भवनातल्या कार्यालयात एक. दोन्हीकडचे आकडे जुळतात का, हे पाहण्यातच खरी गंमत आहे. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर 5 दिवसांत अर्ज तिकडे पाठवणं त्यांचं काम.

उत्तराची मुदत 30 दिवस. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ‘ब’ आणि 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर 90 दिवसांत दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे.