बी-डाय आणि ई-डाय: आकडे सारखे, चिप वेगळी

रॅमच्या दोन जोड्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही डीडीआर4 पिढीच्या, दोन्ही 16 जीबी, दोन्हींवर 3600 हा वेग छापलेला, दोन्हींना 1.35 व्होल्ट पुरतात. सीएल16, म्हणजे वाचायला लागणारे घड्याळाचे 16 ठोके, हेही दोन्हींवर आहे. बारकाईने वाचलं तर एकीवर 16-16-16 दिसतं, दुसरीवर 16-19-19. बहुतेक जण पहिला आकडा बघून पुढे जातात. ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे चिपला ठरलेल्या वेगापुढे रेटण्याचा, नाद लागलेला माणूस मात्र दुसऱ्या आकड्यापाशी थांबतो, कारण पत्र्याच्या कवचाखाली कोणती चिप बसली आहे, याची पहिली चाहूल तिथेच लागते. पहिल्या जोडीत बहुधा सॅमसंगची 8 गिगाबिटची बी-डाय असते. दुसरीत मायक्रॉनची ई-डाय असू शकते.

आधी नावांचा घोळ सोडवू. डाय म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून कापलेला तुकडा, आणि पुढचं अक्षर ही त्या रचनेची आवृत्ती. ती प्रत नाही, दर्जाही नाही. सॅमसंगची पहिली आवृत्ती एम, मग ए, मग बी, असा क्रम चालतो. मायक्रॉनची ई ही तिच्या स्वतःच्या मोजणीतली ई. सॅमसंगचीही ई-डाय आहे, आणि तिचा मायक्रॉनच्या ई-डायशी काडीचाही संबंध नाही. त्यामुळे नुसतं ‘ई-डाय घे’ असं सांगणं अर्धवट आहे. कंपनी आणि क्षमता दोन्ही सांगायला हवं. त्यातच जी.स्किल किंवा कोर्सेअर यांच्यासारखे रॅम विकणारे स्वतः चिप बनवत नाहीत. ते सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन यांच्याकडून चिप घेऊन पट्टीवर बसवतात. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वर्षभराने वेगळीच चिप निघू शकते.

आता मूळ फरक. रॅममधून काही वाचायचं तर आधी उघडी असलेली ओळ बंद करावी लागते, मग हवी ती ओळ उघडावी लागते, मग त्या ओळीतला नेमका स्तंभ वाचायचा. या तीन कामांना लागणारा वेळ म्हणजे अनुक्रमे टीआरपी, टीआरसीडी आणि टीसीएल. स्टिकरवर ही टायमिंग घड्याळाच्या ठोक्यांत, उलट्या क्रमाने छापतात. ई-डायला व्होल्टेज वाढवून दिलं की टीसीएल खाली येतं, टीआरसीडी मात्र ढिम्म हलत नाही. 3600 ला ती 16-19-19 वर येऊन थांबते, आणि आणखी व्होल्टेज ओतून फक्त उष्णता वाढते. बी-डायचं तसं नाही. 1.35 वरून 1.45, 1.5 असं चढत जा, तिची तिन्ही टायमिंग खाली येतात. चांगल्या प्रतीची बी-डाय 3600 ला 14-14-14 वर सहज चालते.

हे नॅनोसेकंदांत मांडलं की खरी किंमत कळते. 3600 ला घड्याळाचा एक ठोका 0.556 नॅनोसेकंदांचा. 16-19-19 मध्ये तिन्ही टप्प्यांचे मिळून 54 ठोके, म्हणजे 30 नॅनोसेकंद. 14-14-14 मध्ये 42 ठोके, म्हणजे साधारण 23.3. डीडीआर4 च्या प्रमाणित 3200 वेगाला 22-22-22 धरलं तर हाच हिशोब 41 च्या वर जातो. 3600 हा वेगाचा आकडा सारखा असूनही बी-डाय ई-डायपेक्षा जवळपास सव्वापट लवकर उत्तर देते. म्हणून मी म्हणतो की 3600 हा आकडा चिपची ओळख नाहीच. चिपची ओळख म्हणजे व्होल्टेज दिल्यावर ती काय करते.

पण बी-डायवर जीव टाकणारे खरे भुलतात ते स्टिकरवर न छापलेल्या आकड्यावर. त्याचं नाव टीआरएफसी. रॅमचा प्रत्येक बिट एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो आणि तो गळक्या भांड्यासारखा सतत रिकामा होत असतो. म्हणून चिपला दर 7.8 मायक्रोसेकंदांनी काम थांबवून भांडी पुन्हा भरावी लागतात. ही भरणी चालू असताना प्रोसेसरला ताटकळावं लागतं; तो वेळ म्हणजेच टीआरएफसी. 8 गिगाबिटच्या चिपसाठी प्रमाणित मुभा 350 नॅनोसेकंदांची आहे, म्हणजे एकूण वेळेतला साधारण साडेचार टक्के. ई-डायला 300 च्या आसपास वेळ लागतो. बी-डाय हेच काम 160 मध्ये उरकते! बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, ते ठोक्यांत दिसतं: 3600 ला ई-डायवर 540, बी-डायवर 288. पहिल्यांदा हा आकडा खाली आणून मेमरी लेटन्सी, म्हणजे रॅमकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मोजली, तेव्हा एका रकान्यातल्या बदलाने एवढा फरक पडतो हे बघून मी चाचणी तीनदा लावली होती.

याची दुसरी बाजूही आहे. इतक्या घट्ट टीआरएफसीवर बी-डाय उष्णतेला हळवी होते. पट्टीचं तापमान 50 अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की चुका डोकावू लागतात. संगणकाच्या केसची बाजू उघडी ठेवून रात्रभर बिनचूक चाललेली सेटिंग, केस बंद करून ग्राफिक्स कार्ड तापलं की तासाभरात कोलमडते. यात चिप खराब झालेली नसते. गरम कपॅसिटर जास्त वेगाने गळतो आणि कापलेली भरणी त्याला पुरत नाही, एवढंच. रॅमवर वाऱ्याचा छोटा पंखा लावणं हा शोभेचा प्रकार नाही, तो यासाठी असतो. ई-डायची टीआरएफसी मुळातच सैल, त्यामुळे ती या बाबतीत बरीच सोशिक.

ई-डायला कमी लेखणं मला पटत नाही. ती स्वस्त होती, 3600 तर हसतखेळत गाठायची, आणि निव्वळ फ्रिक्वेन्सीच्या चढाओढीत तर बी-डायच्याही पुढे जायची. एक्सएमपी, म्हणजे पट्टीवर आधीच नोंदवलेली वेगाची सेटिंग, चालू करून संगणक विसरून जाणाऱ्याने बी-डायसाठी जादा पैसे मोजायचं कारण नव्हतं. बी-डायची कीर्ती 2017 मध्ये एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरने वाढवली. त्या प्रोसेसरमध्ये आतल्या भागांना जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्याच घड्याळावर चालायची, म्हणून रॅमचा वेग महत्त्वाचा. आणि सुरुवातीच्या बायोसवर 3200 ला मुकाट्याने चालणारी चिप बहुधा हीच.

असा सामना पूर्वीही झालेला आहे. पहिल्या डीडीआरच्या काळात विनबॉन्डची बीएच-5 आणि सॅमसंगची टीसीसीडी अशीच समोरासमोर होती. बीएच-5 चा वेग 2-2-2 टायमिंग राखून वर चढवायचा तर 3.2 व्होल्टच्या पुढे जावं लागे. डीडीआर400 चं प्रमाण 2.6 व्होल्ट, त्यामुळे बहुतेक मदरबोर्ड तिथवर पोचतच नसत. डीएफआय कंपनीच्या लॅनपार्टी मदरबोर्डांचं नाव झालं ते त्यांनी ते व्होल्टेज दिलं म्हणून. टीसीसीडी जास्त व्होल्टेज मागत नसे. टायमिंग थोडं सैल सोडलं की ती 250 मेगाहर्ट्‌झच्याही पुढे पळायची. एक घट्ट बसणारी, एक लांब धावणारी. बी-डाय आणि ई-डाय यांच्यात मला तीच जोडी दिसते.

बी-डाय 20 नॅनोमीटरची जुनी रचना. 2019 मध्ये ती बंद होणार अशी बातमी आली आणि तिला बदली म्हणून सॅमसंगच्या नव्या, बारीक प्रक्रियेतल्या चिप्स आल्या. त्या जास्त किफायतशीर होत्या, पण टायमिंगच्या बाबतीत तिच्या पासंगालाही पुरल्या नाहीत. डीडीआर5 मध्ये हा मान हायनिक्सच्या एम-डाय आणि ए-डायकडे गेला.

हातातली पट्टी कोणती, हे कवच न काढता बरंच कळतं. कोर्सेअरच्या स्टिकरवर बारीक अक्षरात आवृत्ती असते: 3 ने सुरू होणारी मायक्रॉन, 4 ने सुरू होणारी सॅमसंग, 5 ने सुरू होणारी हायनिक्स, आणि 4.31 म्हणजे 8 गिगाबिटची बी-डाय. थायफून बर्नरसारखी सॉफ्टवेअर पट्टीवरच्या नोंदी वाचून नाव सांगतात, पण ती नोंद नसली की तेही अंदाजच करतात. स्टिकर फाटलेली, हातोहाती फिरलेली पट्टी असेल तर मी आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे ठेवतो, कारण चुकार रॅम ऑपरेटिंग सिस्टिमही बिघडवते. मग 3600 ला, 1.45 व्होल्टवर, बाकी टायमिंग सैल ठेवून टीआरएफसी थेट 288 करून बघतो. बी-डाय असेल तर मशीन बहुधा सुरू होतं आणि मेमरीची चाचणीही पुढे सरकते. ई-डाय असेल तर स्क्रीन काळीच राहते, आणि बोर्डावरचं बटण दाबून बायोस पूर्ववत करावं लागतं.