ईआरपी: नोंद एकदाच, हिशोब सगळीकडे

एखाद्या कारखान्याच्या विक्री विभागाने ५०० सायकलींची मागणी स्वीकारली की खरेदी, भांडार, उत्पादन आणि लेखा या सर्वच विभागांचे काम बदलते. प्रत्येकाची नोंदवही वेगळी असेल, तर हा बदल सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचत नाही आणि आकडे जुळेनासे होतात. एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग, अर्थात ईआरपी, ही प्रणाली सर्व विभागांना एका सामाईक डेटाबेसवर आणते.

तिचे मूळ १९६०च्या दशकातील एमआरपी या साहित्य-नियोजनाच्या पद्धतीत आहे. त्यातील गणित शाळकरी वाटावे इतके सोपे आहे. ५०० सायकलींना १,००० चाके लागतात. ३०० शिल्लक आहेत, २०० मागवलेली आहेत, म्हणजे आणखी ५०० हवीत. ती कारखान्यातच जोडायची असतील, तर प्रत्येकी ३६ प्रमाणे १८,००० आरे लागतील. त्यातून आऱ्यांचा साठा वजा करायचा आणि पुरवठादाराला तीन आठवडे लागत असतील, तर ऑर्डर तितकी आधी पाठवायची. सुट्या भागांच्या या उतरंडीला ‘बिल ऑफ मटेरियल’ म्हणतात. भाग हजारोंच्या संख्येने असले आणि मागणी रोज बदलत असली, की हेच सोपे गणित हाताबाहेर जाते.

पुढे यंत्रांची क्षमता, मनुष्यबळ आणि हिशोब यांची त्यात भर पडली. कंपन्यांसाठी अशी सॉफ्टवेअर बनवणारी जर्मनीतील सॅप ही कंपनी १९७२मध्ये स्थापन झाली. ईआरपी हे नाव मात्र १९९०च्या सुमारास रूढ झाले.

लेखाविभागाशी घातलेली सांगड हा मला या प्रणालीचा सर्वांत देखणा भाग वाटतो. भांडारात माल उतरवून घेतल्याची नोंद होताच साठा वाढतो आणि खतावणीतही त्याची किंमत चढते. नंतर पुरवठादाराचे बिल आले, की खरेदी आदेश, प्रत्यक्ष आलेला माल आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय, निदान नियम तसे घातलेले असतील तर, पैसे सुटत नाहीत.

प्रणाली बसवणे मात्र जिकिरीचे असते. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू केली, आणि माल हाताशी असूनही हॅलोविनच्या ऑर्डरी वेळेवर पोहोचवता आल्या नाहीत. घाईइतकाच त्रास अस्वच्छ मूळ माहितीचाही होतो: एकच पुरवठादार दोन नावांनी नोंदलेला असतो, किंवा डझनांत मोजलेला साठा नगांच्या रकान्यात तसाच शिरतो, आणि मग नियोजनाचे गणित बिनचूक असूनही ऑर्डर चुकते.