मेक्सिकोतील अमेरिकन वसाहती आणि ‘एक्सपॅट’ हा शब्द : पार्श्वभूमी

मेक्सिकोत राहणारे अमेरिकन म्हटले की हालिस्को राज्यातील चापाला सरोवराचा काठ, सान मिगेल दे आयेंदे हे शहर आणि राजधानीतील रोमा व कोंदेसा हे भाग आठवतात. हवामान हे त्याचे कारण म्हणून सर्रास सांगितले जाते. सुमारे दीड हजार मीटर उंचीवरील चापालाची हवा बारमाही सौम्य असते हे खरेच; पण माणसे नेमकी याच ठिकाणी का आली आणि का टिकली, याचे उत्तर कायद्यांत आणि निवृत्तिवेतनाच्या हिशेबात सापडते.

तेव्हा मेक्सिकोचा भाग असलेल्या टेक्सासात आधी अमेरिकनांना जमिनी देऊन वसवले गेले आणि 1830 च्या कायद्याने त्यांना येण्यास मनाई झाली, तो अध्याय वेगळा. आजच्या वसाहतींची सुरुवात 1944 च्या अमेरिकन कायद्यापासून धरावी लागते. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि मान्यताप्राप्त परदेशी संस्थांत शिकण्याचीही मुभा दिली. सान मिगेलमध्ये 1938 पासून एका जुन्या मठाच्या इमारतीत कलाशाळा भरत होती. 1948 साली पूर्णवेळ शिकणाऱ्या अविवाहित सैनिकाला मिळणारे दरमहा 75 डॉलर अमेरिकेत जेमतेम पुरत. त्याच रकमेत इथे भाडे, जेवण आणि रंगसाहित्य भागवून चार पैसे हाती उरत.

पुढे निवृत्तांचा ओघ सुरू झाला तेव्हा मेक्सिकोच्या 1917 च्या राज्यघटनेतील एक तरतूद निर्णायक ठरली. सीमेपासून 100 आणि किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमीन थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही. बँकेकडे विश्वस्त म्हणून मालकी सोपवावी लागते. चापाला आणि सान मिगेल या पट्ट्याबाहेर आहेत. अमेरिकन निवृत्तिवेतन मेक्सिकोत मिळते, मात्र ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा अमेरिकेबाहेर सहसा लागू होत नाही. त्यामुळे चापालाकाठच्या अहीहिक गावात बुधवारच्या आठवडी बाजाराला आलेले पिकल्या केसांचे जोडपे भाजीची पिशवी सावरत दगडी फरसबंदीवरून चालत असते, तेव्हा बोलणे पुष्कळदा इथेच शस्त्रक्रिया करावी की सीमेपलीकडे जावे, या प्रश्नावर येते. इंग्रजी पुस्तकांचे ग्रंथालय आणि एकमेकांच्या आजारपणात धावून जाणारी माणसे हा या वसाहतीचा खरा आधार आहे.

या लोकांना ‘एक्सपॅट’ (‘एक्सपॅट्रिएट’चे लघुरूप, म्हणजे स्वदेश सोडून परदेशी राहणारा) म्हणण्याची पद्धत मात्र बारकाईने तपासली पाहिजे. अमेरिकन कायद्यात ‘एक्सपॅट्रिएशन’चा अर्थ परदेशात राहणे असा नसून नागरिकत्व सोडणे असा आहे. 1868 च्या कायद्याने हा प्रत्येक माणसाचा नैसर्गिक हक्क मानला. त्यामागे अमेरिकनांनी देश सोडावा असा हेतू नव्हता. अमेरिकन झालेल्या आयरिश व जर्मन लोकांवर त्यांच्या मूळ देशांनी हक्क सांगू नये, हा होता. 1907 च्या कायद्याने तीच संकल्पना उलटी फिरली आणि परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व तिला न विचारता जाऊ लागले. 1922 मध्ये तो अन्याय काही अंशी दूर झाला. करकायद्यात आजही ‘एक्सपॅट्रिएट’ म्हणजे मुख्यतः नागरिकत्व सोडलेला माणूस. चापालाला वीस वर्षे राहणारा अमेरिकन मात्र नागरिकच असतो आणि त्याला सहसा दरवर्षी अमेरिकेत विवरणपत्र भरावे लागते, कारण तिथे कर केवळ निवासावर नव्हे तर नागरिकत्वावरही बसतो. आपल्याकडील ‘अनिवासी’ ही संज्ञा निवासावर उभी आहे. म्हणून ‘एक्सपॅट’साठी ‘अनिवासी अमेरिकन’ हा प्रतिशब्द चुकीचा वाटतो.

मेक्सिकोच्या 2011 च्या स्थलांतर कायद्यात अभ्यागत, तात्पुरता निवासी आणि कायम निवासी असे वर्ग आहेत. ‘एक्सपॅट’ असा वर्ग नाही. 2020 च्या जनगणनेत अमेरिकेत जन्मलेले सुमारे 7 लाख 97 हजार लोक मेक्सिकोत आढळले. त्यांतील फार मोठा हिस्सा निवृत्तांचा नसून, अमेरिकेतून परतलेल्या किंवा परत पाठवलेल्या मेक्सिकन आईवडिलांच्या मुलांचा आहे. ही मुलेही जन्माने अमेरिकन नागरिक आहेत, तरी त्यांना कोणी ‘एक्सपॅट’ म्हणत नाही. या शब्दाने वर्ण आणि ऐपत यांची केलेली ही विभागणी मला अक्षम्य वाटते.

2020 नंतर महासाथीच्या काळात घरून काम करणारे तरुण अमेरिकन रोमा आणि कोंदेसात आले. त्यांतील अनेकजण 180 दिवसांपर्यंतच्या अभ्यागत परवान्यावर राहत, डॉलरमध्ये कमावत आणि पेसोत भाडे भरत. मालकांना अल्पमुदतीच्या भाड्यात अधिक लाभ दिसू लागला आणि जुन्या भाडेकरूंना घरे सोडावी लागली. ऑक्टोबर 2024 मध्ये शहराच्या विधिमंडळाने अशा घरांवर वर्षातील निम्म्या रात्रींची मर्यादा घातली. तरीही 4 जुलै 2025 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, या भागांतून मोर्चा निघाला आणि काही दुकानांची तोडफोड झाली. त्याच महिन्यात शहर सरकारने जाहीर केलेल्या योजनेत, भाडेवाढ महागाईच्या दरापेक्षा जास्त होऊ नये, अशी तरतूद मांडण्यात आली.